पाठीवरच्या थापेचा इतिहास

"हुशार मूल कुठेही चमकतेच." हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे ते ऐकवतात. दहावीच्या निकालानंतर ते वर्तमानपत्रात छापून येते. अलीकडे आपल्या वस्तीतले, नोकरीला लागलेले लोकही ते बोलू लागले आहेत. आमचा या वाक्याला ठाम विरोध आहे. हुशार मूल कुठेही चमकत असते, तर हजारो वर्षे आपल्या समाजात एकही हुशार मूल जन्मलेच नाही असे मानावे लागेल. तसे मानायला मनुवादी तयार असतील, आम्ही नाही.

मग काय घडत होते? मुले जन्मत होती. त्यांच्या गळ्यात सूर होता, हातात कला होती, डोक्यात प्रश्न होते. नव्हते ते एकच. त्यांच्याकडे पाहून "हे चांगले केलेस, अजून कर" असे म्हणणारे मोठे माणूस त्यांना भेटत नव्हते. ही गोष्ट दिसायला फार लहान आहे. परंतु आपल्या चळवळीचा इतिहास नीट वाचला तर जागोजागी ही लहान गोष्टच निर्णायक ठरलेली दिसते.

थाप म्हणजे स्पर्श

मराठीत उत्तेजन देण्याला आपण "पाठीवर थाप मारणे" म्हणतो. थाप मारायची तर हात लावावा लागतो. ज्या शिक्षकाला मुलाचा स्पर्शच चालत नाही, तो त्याच्या पाठीवर थाप मारणार कशी? शाबासकीलासुद्धा जात होती हे समजायला एवढा एक प्रश्न पुरेसा आहे.

बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत शाळेतल्या दिवसांविषयी लिहिले आहे. वर्गात मुलांना गुणवत्तेच्या क्रमाने बसवीत, पण त्यांना त्यांच्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांत बसता येत नसे. कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा असे. तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर गुरुजींची परवानगी पुरत नसे, नळ सोडायला शिपाई लागे. शिपाई नसेल तर पाणी नाही.

पाण्याची गोष्ट आपल्या सर्वांना पाठ आहे. क्रमांकाची गोष्ट मात्र आपण वाचतो आणि पुढे जातो. लहान मुलासाठी वर्गातली पुढची जागा हेच बक्षीस असते. अभ्यास केलास म्हणून तू इथे बस, असे ती जागा सांगते. भिवाने अभ्यास केला तरी जागा कोपऱ्यातलीच राहणार होती. पुढे हायस्कुलात संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती, ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. म्हणजे जातिव्यवस्था फक्त पाणी आणि रस्ता अडवत नव्हती, मुलाची आवडही अडवत होती.

समाजशास्त्रात पिअर बोर्द्यू या फ्रेंच अभ्यासकाने "सांस्कृतिक भांडवल" ही कल्पना मांडली. पैसा आणि जमीन जशी वारशाने मिळते तशी भाषा, पुस्तकांची सवय, चार लोकांत बोलण्याचा आत्मविश्वासही वारशाने मिळतो, आणि शाळा त्यालाच बुद्धी समजून गुण देते. घरात रोज कौतुक ऐकणारे मूल शाळेत हात वर करते. रोज "गप्प बस" ऐकणारे मूल उत्तर येत असूनही मान खाली घालते. ज्यांच्या घरी हे भांडवल नव्हते, त्यांना ते कुठून मिळाले? इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

पुण्यातली चौदा वर्षांची मुलगी

१८५५ साली "ज्ञानोदय" या नियतकालिकाच्या दोन अंकांत एक निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लिहिणारी होती मुक्ता साळवे, वय सुमारे चौदा वर्षे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेची ती विद्यार्थिनी. शाळेत जाऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. एवढ्या शिक्षणावर ही मुलगी विचारते की वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता? पेशवाईत इमारतींच्या पायात आमच्या माणसांना गाडले जाई, हे ती लिहिते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे हाल ती लिहिते. आजही तो निबंध वाचताना अंगावर काटा येतो.

मुक्ताची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध आपोआप छापखान्यात जात नाही. कोणीतरी तिला लिही म्हणावे लागते. तू जे जगतेस तेच लिही, दुसऱ्या कोणाच्या देवाचे स्तोत्र लिहायची गरज नाही, एवढी मोकळीक द्यावी लागते. लिहिलेले कोणीतरी मन लावून वाचावे लागते आणि हे जगापुढे जाण्यालायक आहे असे ठरवावे लागते. त्या शाळेत हे सारे घडू शकले, म्हणून मुक्ता आज आपल्याला माहीत आहे.

अशी शाळा उभी कशी राहिली? थोडे मागे जाऊ. लहान जोतीरावांची शाळा सुटली होती. वडील गोविंदराव यांनी त्यांना शेतीच्या कामाला लावले होते. रात्री दिव्याच्या उजेडात वाचणारा हा मुलगा शेजारच्या गफार बेग मुन्शी यांनी पाहिला, लिजीट साहेबांनी पाहिला. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत परत गेले. दोन मोठ्या माणसांनी एका बापाशी केलेले बोलणे, खर्च शून्य.

पुढे त्याच जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकविले. सावित्रीबाई शिक्षिका झाल्या, कवयित्री झाल्या. १८५४ मध्ये त्यांचा "काव्यफुले" हा संग्रह निघाला आणि दुसऱ्याच वर्षी मुक्ताचा निबंध आला. स्वतः लिहिणारी बाई जिथे शिकवते, तिथे मुलीला लिहिणे ही आपलीही गोष्ट वाटते. १८४१ ते १८५५, फक्त चौदा वर्षे. गोविंदरावांच्या दारात झालेले ते बोलणे झाले नसते तर ही साखळी कुठून सुरू झाली असती?

एका पुस्तकाची भेट

दुसरा प्रसंग आपल्या ओळखीचा आहे, पण त्याचे बारकावे आपण विसरतो. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक होते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा शाळा सुटल्यावर वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढवली, पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव. नंतर त्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. हे चरित्र १८९८ साली प्रसिद्ध झाले होते. चरित्रकार हा सत्कार १९०७ साली मॅट्रिक झाल्यानंतरचा सांगतात, तर बाबासाहेबांनी स्वतः तो इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यानंतरचा म्हणून लिहिला आहे.

बाबासाहेबांनी ही आठवण "द बुद्ध अँड हिज धम्म" या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापली गेली नाही. प्रत्येक आंबेडकरी पालकाने ती मिळवून वाचावी असे आम्ही आग्रहाने सांगू, कारण तिच्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे सत्काराची कल्पना वस्तीतल्या लोकांची होती. बाबासाहेब लिहितात की इतर समाजांच्या मानाने हे यश साजरे करण्याइतके मोठे नव्हतेच. पण आपल्या समाजातून इथपर्यंत पोहोचणारा हा पहिलाच मुलगा, म्हणून लोकांना ते मोठे वाटले. ज्यांना स्वतःला शाळा मिळाली नाही, त्यांनी एका पोराच्या परीक्षेसाठी सभा भरवायचे ठरवले. या लोकांची नावे इतिहासात नाहीत. आम्हाला तर केळुसकरांइतकेच हे लोक मोठे वाटतात.

दुसरी गोष्ट, सुभेदार रामजी सकपाळ या सभेला तयार नव्हते. अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, त्याने परीक्षा पास करण्यापलीकडे काय केले आहे, असे त्यांचे म्हणणे. मग लोक केळुसकरांकडे गेले. ते रामजींचे स्नेही. त्यांनी समजावले आणि रामजी राजी झाले. रामजींच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. पोकळ स्तुतीने मूल बिघडते. म्हणूनच केळुसकरांनी काय दिले हे पाहा. हार-तुरे आणि कौतुकाचे भाषण तर सभेत होतच असते. त्यांनी दिले पुस्तक, म्हणजे पुढचे काम.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. रामजींच्या घरी रोज धर्मग्रंथांचे वाचन होई. बुद्धचरित्र वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की ज्यात ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगितली आहे, ते महाभारत-रामायण आम्हाला का वाचायला लावता? वडिलांना प्रश्न आवडला नाही. मुलांनी असे विचारू नये, सांगितले तेवढे करावे, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात गोष्ट इथेच संपते.

पण काही दिवसांनी मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि बाबासाहेब लिहितात की या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते. आपण अस्पृश्य आहोत, तुमच्या मनात न्यूनगंड येईल, तो जावा म्हणून मी हे वाचायला लावतो, द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून किती वर चढले ते पाहा, असे त्यांनी सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही. त्याने भीष्म, द्रोण, कृष्ण आणि राम यांच्याविषयीचे आपले आक्षेप एकेक करून मांडले. वडील गप्प राहिले. घरात बंड झाले आहे हे त्यांना कळले होते.

लष्करी शिस्तीतला एक बाप मुलाच्या प्रश्नावर दिवसच्या दिवस विचार करतो, उत्तर तयार करतो आणि ते उत्तर मुलाने खोडून काढले तरी हात उगारत नाही. आमच्या मते ही भारताच्या इतिहासातली फार मोठी शाबासकी आहे. तिच्यात "शाबास" हा शब्द एकदाही आलेला नाही. आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने वळलो नाही, असे बाबासाहेब त्याच प्रस्तावनेत म्हणतात. पुस्तक केळुसकरांनी दिले. ते पेलणारे मन घडले रामजींच्या घरातल्या त्या वादात.

आणि हेच रामजी मुलाला हवे ते पुस्तक आणण्यासाठी मुलींकडे जात. लग्न झालेल्या मुलीचा दागिना उसना घेऊन गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. त्या बहिणींनी काढून दिलेले दागिनेही या इतिहासात मोजले पाहिजेत.

उशिरा आलेली थाप

ज्यांना हे वेळेवर मिळाले नाही त्यांचे काय झाले? महाकवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. बालपणात शाळा नाही. मुंबईत कष्टाची कामे करताना कोणीतरी त्यांच्यापुढे पत्र वाचायला धरले आणि ते वाचता आले नाही. ती लाज त्यांना सहन झाली नाही. चाळीतल्या एका मास्तरांनी त्यांना अक्षरे शिकवली. तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. ज्या माणसाने पुढे हजारो गीते लिहून गावोगावी भीमविचार पोहोचवला, त्याला बाराखडी शिकवणारा माणूस भेटायला इतकी वर्षे लागली. तो मास्तर भेटलाच नसता तर? असे किती वामनदादा निरक्षर राहून गेले याची मोजदाद कोणत्याच जनगणनेत नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी "जिणं आमुचं" लिहिले, पण कित्येक वर्षे नवऱ्यापासून आणि घरापासून लपवून. दुकानात सामान बांधायला आलेली रद्दी त्या वाचत आणि चोरून लिहीत. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी ते लिखाण प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला, तेव्हा १९८० च्या दशकात ते लोकांपुढे आले. चळवळीच्या घरातसुद्धा बाईच्या हातातली लेखणी लपवावी लागत होती. हे सांगताना आम्हाला संकोच वाटत नाही, कारण जे आहे ते सांगितल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

कुमुद पावडे यांची कथा आणखी काही शिकवते. नागपूरच्या शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. जी भाषा बाबासाहेबांना नाकारली गेली, तीच. गोखले गुरुजी जुन्या वळणाचे. ते या मुलीला शिकवणार नाहीत असेच वाटावे, पण त्यांनी मायेने शिकवले. पुढे एम. ए. ला असताना मात्र नामांकित, आधुनिक म्हणवणाऱ्या विभागप्रमुखांना तिचे संस्कृत शिकणे रुचले नाही. "अंतःस्फोट" या १९८१ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी हा फरक लिहून ठेवला आहे. नोकरीही मिळाली ती सोमकुंवरच्या पावडे झाल्यावर, आणि हे श्रेय कोणाचे हे त्यांनी रोखठोक सांगितले आहे. गुरुजींच्या मायेने मुलीची आवड जगली. व्यवस्था मात्र तिने बदलली नाही.

उपकार की हक्क?

इथे काही मित्र विचारतील की यात पुन्हा कोणी मोठ्या जातीचा गुरुजी, कोणी साहेब, कोणी दाता शोधायचा का? आपल्या माणसांचे मोठेपण दुसऱ्यांच्या खात्यावर का टाकायचे? प्रश्न रास्त आहे. "आम्ही वर काढले म्हणून तुम्ही आलात" असे सांगणाऱ्यांचा अनुभव आपल्याला आहेच.

आमचे उत्तर असे. गफार बेग, केळुसकर, गोखले गुरुजी यांचे ऋण मानण्यात कमीपणा नाही. कृतज्ञता हा बुद्धाने सांगितलेला मंगल गुण आहे. पण मुलाला मिळणारे प्रोत्साहन चांगला माणूस भेटण्याच्या योगावर अवलंबून राहिले तर एखाददुसरे मूल वाचते आणि हजार मुले तशीच राहतात. म्हणूनच बाबासाहेब स्वतः सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकले, पण आणखी सयाजीराव शोधत बसले नाहीत. त्यांनी वसतिगृहे काढली, पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले. मिलिंदमध्ये प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी "युगयात्रा" हे नाटक लिहिले आणि खेड्यांतून आलेली मुले रंगमंचावर उभी राहिली. त्याच परिसरात गंगाधर पानतावणे यांनी "अस्मितादर्श" चालवले आणि कुठेही न छापल्या जाणाऱ्या कित्येक हातांना पहिले पान मिळाले. योगायोगाने मिळणारी थाप संस्थेने हक्काची केली, हे आपल्या चळवळीचे मोठे काम आहे.

आज आपण काय करतो?

आता आपल्याकडे पाहू. आम्ही वस्त्यांमध्ये मुलांबरोबर काम करतो. आज त्यांना कोपऱ्यात गोणपाटावर कोणी बसवत नाही. पण वहीच्या मागच्या पानावर चित्र काढणाऱ्या मुलीला "हे धंदे बंद कर" म्हणणारे आपणच असतो. हलगी चांगली वाजवणाऱ्या पोराला "शिकून मोठा हो, हे कशाला" म्हणणारेही आपणच. त्यामागची भीती आम्ही समजतो. एका पगारावर सारे घर उभे असते आणि कलेने पोट भरेल याची खात्री कोण देणार? परंतु डॉक्टर, इंजिनिअर आणि एमपीएससी याशिवाय बाकी सारे वाया, असे मुलाला दहाव्या वर्षीच सांगितले तर उद्याचा शाहीर, चित्रकार, कादंबरीकार कुठून येणार? आपला इतिहास कोण लिहिणार? मग दुसरे लिहितील, आणि कसा लिहितील ते आपण पाहत आलो आहोत.

जयंतीचेही तसेच. लाखाचा डीजे लागतो, आणि मुलांच्या भाषणांना दोन मिनिटे मिळतात, तीही पाहुणे यायला उशीर झाला म्हणून. बोलणाऱ्या मुलाकडे कोणाचे लक्ष नसते, मोबाईलमध्ये त्याचा व्हिडिओ मात्र निघतो. ज्या समाजाने एका पोराने परीक्षा पास केली म्हणून सभा भरवली, त्याच समाजाचे आपण वारस आहोत ना?

आमची मागणी मोठी नाही. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा मुलांच्या पुस्तकांसाठी, रंगांसाठी, वाद्यांसाठी काढा. विहारात आठवड्यातून एक तास असा ठेवा की त्यात मुले बोलतील आणि मोठी माणसे फक्त ऐकतील. मुलाने काही लिहिले तर "छान" म्हणून बाजूला ठेवू नका, पूर्ण वाचा आणि त्यावर एक प्रश्न विचारा. आणि मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला, तुमच्या श्रद्धेवर, तुमच्या नेत्यावर विचारला, तर पहिल्यांदा रागावलात तरी हरकत नाही. सुभेदार रामजीही रागावले होते. पण तो प्रश्न दुसऱ्यांदा येईल तेव्हा उत्तर तयार ठेवा. आणि मूल त्या उत्तराशीही भांडले, तर त्याला भांडू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!